डाव्या हाताची सही

फू मास्तरांना मी फसवलं आणि मला त्यांचं कॉलेज चालवणाऱ्या संस्थेच्या सचिवांनी. पहिली फसवणूक मी पूर्ण शुद्धीत केली. दुसरी कळायला मला सहा महिने लागले. हे आधीच सांगून टाकतो. माझा धंदा प्लायवूडचा आहे. माल दाखवण्याआधी त्यातला दोष सांगायची मला सवय नाही, पण या एका वेळी तरी तसं करावं म्हणतो.

फू मास्तर कुठलीही वस्तू सरळ उचलत नसत. आधी हाताची पालथी बाजू तिच्याजवळ न्यायची, क्षणभर थांबायचं आणि मग बोटं वळवून ती धरायची. चहाचा पेला असो, खुर्चीची दांडी असो, नाहीतर दाराची कडी. कुणी पावती पुढे केली तरी आधी हात पालथा व्हायचा. माझी थोरली बहीण त्याच कॉलेजच्या ऑफिसात आहे. तिने एकदा त्यांना माठातलं गार ताक दिलं. मास्तरांनी त्या पेल्यालाही पालथा हात लावून पाहिला. ताई हसून म्हणाली, "मास्तर, ताक आहे ते, पेटलेलं नाही." मास्तर म्हणाले, "हाताला कळत न्हाय की ओ ताई. त्याला सवय लागली." मला त्यांनी त्याचं कारण पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "लोखंड तापलं की लाल होतं, सांगतं माणसाला. काच दोन मिनिटं लाल दिसती आणि परत गार असल्यासारखी दिसती. आतून पेटलेलीच असती. डोळ्यावर भरवसा ठेवू नका शेठ." मी मान हलवली होती. मला अशा गोष्टी एकदा ऐकल्या की पाठ होतात, पण अंगात काही मुरत नाही.

त्यांचं खरं नाव कॉलेजच्या जुन्या हजेरीपटात असेल. काच फुंकतात म्हणून मुलांनी त्यांचं फू सर केलं, शिपायांनी फू मास्तर. ते सोलापूरच्या पूर्व भागातल्या विणकराच्या घरातले. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. बाप, भाऊ, चुलते सगळे मागावर बसणारे. हे एकटेच तरुणपणी कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात लागले आणि तिथे काच फुंकायला शिकले. प्रयोगशाळेत लागणाऱ्या नळ्या, चंबू, वाकड्यातिकड्या तोट्या ते बर्नरपुढे बसून बनवत आणि मोडलेल्या जोडत. निवृत्त झाल्यावरही प्रयोगशाळेमागची काचखोली संस्थेने त्यांच्याकडे ठेवली होती. बदल्यात कॉलेजची मोडतोड त्यांनी विनामोबदला दुरुस्त करायची आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत हौशी लोकांसाठी सहा दिवसांचा वर्ग घ्यायचा. ही खोली म्हणजे मास्तरांचं सगळं होतं. बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन तेलंगणात. सकाळी डबा घेऊन ते तिथे यायचे ते ऊन उतरल्यावर घरी जायचे.

आता मी तिथे कसा पोचलो ते सांगतो. मोडनिंबहून मी पुण्याला गेलो तेव्हा मी दुसऱ्याच्या दुकानात प्लायवूडचे तक्ते उचलत होतो. आज माझं स्वतःचं दुकान आहे, गोदाम आहे आणि माझ्याशी भाव करायला बसलेला माणूस उठताना रुमालाने कपाळ पुसतो, एवढी ख्याती आहे. पण बावीस वर्षांत मी दुकानाला सुट्टी दिली नव्हती. गेल्या वर्षी डॉक्टरांनी रक्तदाबाचा आकडा पाहिला आणि म्हणाले, आठ दिवस कुठेतरी जा. बायको म्हणाली, "ताईंकडे जा. तुमच्यावर ओरडू शकेल असं तेवढंच एक माणूस उरलंय." म्हणून मी ऐन मे महिन्यात सोलापूरला हवापालटासाठी गेलो. सोलापूरकर अजून हसतात.

ताईने दोन दिवस मला घरात सहन केलं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "बापू, तुझं नाव मी फू मास्तरांच्या वर्गात घातलंय. तोंड बंद करून काहीतरी फुंकशील तरी."

पहिल्या दिवशी मी माझ्या स्वभावाप्रमाणे आधी व्यवहार ठरवायला बसलो. विचारलं, "मास्तर, एका माणसाला किती नळ्या देणार?"

"जितक्या मोडाल तितक्या."

"आणि नाही मोडल्या तर?"

"मग तुमी मास्तर व्हा, मी वर्गात बसतो."

वर्गातले बाकीचे तिघं हसले. दोन शाळेच्या बाई होत्या आणि एक निवृत्त बँकवाले. मला राग आला, पण माणूस आवडला. उत्तर देऊन पुढे ते वाढवत बसायचे नाहीत. बर्नरपुढे बसणाऱ्याला श्वास जपून वापरावा लागतो, म्हणून असेल.

पहिले दोन दिवस त्यांनी आम्हाला काच दिलीच नाही. हातात पेन्सिली दिल्या आणि दोन्ही हातांच्या चिमटीत धरून त्या गोल फिरवत बसायला सांगितलं. मी चिडलो. "मास्तर, मी फुंकायला आलोय, पेन्सिल वळायला नाही."

"फुंकणं सगळ्यात सोपं हाय शेठ. फिरवणं अवघड. दोन हात एका चालीनं फिरले पायजेत, न्हायतर काच पीळ खाती." मग माझ्या हातांकडे बराच वेळ बघून म्हणाले, "तुमचा उजवा लई घाईचा हाय. डावा बिचारा मागनं पळतोय."

त्या खोलीत पंखा होता, पण वर्ग चालू असताना तो बंद. पंख्याच्या वाऱ्याने बर्नरची ज्योत हलते. बाहेर डांबर मऊ झालेलं, आत पत्र्याचं छत, पुढ्यात ज्योत, आणि वर तो थांबलेला पंखा. मी म्हणालो, "एकवर तरी लावा." मास्तर म्हणाले, "तुमी भाव करताय तो माझ्याशी न्हाय, आगीशी करताय. ती ऐकत न्हाय." बँकवाल्यांनी ते लगेच वहीत लिहून घेतलं. ते सगळंच लिहून घ्यायचे.

तिसऱ्या दिवशी काच हातात आली. मास्तरांनी आम्हाला जांभळट काचेचे चष्मे दिले. ते घातले की ज्योतीचा पिवळा झगमगाट निघून जातो आणि आतली मऊ होणारी काच स्पष्ट दिसते. नळीचं टोक वितळून बंद झालं. मास्तर मागे उभे राहून म्हणत होते, "मेल्लगा, मेल्लगा." तेलुगूत हळूहळू. मी ज्योतीतून नळी काढली, तोंडाला लावली आणि टायरमध्ये हवा भरावी तसं फुंकलं. टोकाला काचेचा एक फुगा आला, क्षणात नारळाएवढा झाला आणि फाटला. इतकी पातळ काच की ती खाली पडलीच नाही. किड्यांच्या पंखांसारखे तुकडे खोलीभर तरंगत राहिले. एका बाईंच्या केसांत बसले, मास्तरांच्या खांद्यावर बसले. मला वाटलं आता ओरडतील. मास्तर तोंडाला रुमाल लावून हसत होते. "पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं. तुमचं जरा मोठं झालं, एवढंच."

चौथ्या दिवशी अकलूजकडच्या एका साखर कारखान्याचा केमिस्ट वाफ थंड करायची काचेची दुहेरी नळी घेऊन आला. जोडावर चीर गेली होती. मास्तरांनी ती उजेडात धरली, बोटाने एक जागा दाखवली. "ही एक चीर तुमी आणली. ही दुसरी तुमाला दिसली न्हाय. दोन्ही काढतो." आणि दर सांगितला तो इतका कमी की मला राहवलं नाही. मी मधे पडलो. म्हणालो, "साहेब, ही नवी घेतली तर मुंबईहून यायला किती दिवस? तोवर तुमची लॅब बंद. मास्तर जुन्या ओळखीने बोलले. दुप्पट द्या आणि संध्याकाळी घेऊन जा." केमिस्टने माझ्याकडे पाहिलं, मास्तरांकडे पाहिलं आणि निमूट कबूल झाला. मी विजयी चेहऱ्याने बसलो. संध्याकाळी मास्तरांनी त्याची नळी जोडून दिली आणि शिवाय त्याच्या लॅबसाठी चार ढवळण्या, दोन वाकड्या नळ्या बनवून दिल्या. दुप्पटीचा हिशोब त्यांनी असा फेडला. मी म्हणालो, "तुम्हाला धंदा कळत नाही." ते म्हणाले, "खरं हाय." नुसतं एवढंच. मला त्यांच्याशी भांडायचं होतं आणि समोर कुणी उभंच नव्हतं.

त्या दिवशी घरी जाताना मी ताईला म्हणालो, "हा माणूस चांगला आहे गं." ती म्हणाली, "तुला आठवड्यात कळलं. आमच्या सचिवांना चार वर्षांत कळलं नाही." मी तिकडे लक्ष दिलं नाही.

पाचव्या दिवशी मला गोळा जमला. लिंबाएवढा, गोल, जाडीला सारखा. मी फिरवलं, मी फुंकलं, डावा हात उजव्याबरोबर चालला. मास्तरांनी तो पिवळ्या ज्योतीत धरून त्यावर काजळी धरवली, म्हणजे तो सावकाश निवतो. मग नळी टेकवायच्या लाकडी घोडीवर ठेवला. नळीचं गार टोक माझ्याकडे, गोळा पलीकडे. मला म्हणाले, "दहा मिनिटं हात लावू नका."

"पाच."

"दहा, शेठ."

तेवढ्यात माझा फोन वाजला. गोदामातून. अठरा मिलिमीटरचे म्हणून आलेले तक्ते सोळाचे निघाले होते. मी पुरवठादाराला फोन लावला आणि सुरू झालो. तू मला फसवतोस? मला? माझ्या नाकाखाली सोळाचा माल घालतोस? डाव्या हातात फोन, उजवा मोकळा, आणि समोर माझा तो लिंबाएवढा गोळा. आयुष्यात पहिल्यांदा मी काही विकत न घेता मिळवलं होतं. बोलता बोलता हात गेला. नळीचं टोक जवळ असताना मी ते ओलांडून थेट गोळा उचलला.

कातडी जळल्याचा वास मला अजून येतो. गोळा खाली पडून फुटला. तिघं माझ्याकडे बघत होती. अंगठा आणि तीन बोटं पेटल्यासारखी झाली होती, पण त्याहून जास्त मला ते तिघांचं बघणं लागलं. आणि मी ओरडलो, "गरम टोक माझ्याकडे करून ठेवलंत! माणूस मारायचा आहे का?"

घोडी समोर होती. नळी कशी ठेवली होती ते खोलीतल्या प्रत्येकाने पाहिलं होतं. मास्तरांनी एकदा घोडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे आणि म्हणाले, "माझं चुकलं शेठ. हिकडं या."

सोलापुरात मे महिन्यात टाकीतलं पाणी चहाला चालेल इतकं तापलेलं असतं, म्हणून नळ कामाचा नव्हता. मास्तरांनी खोलीतल्या माठाशी मला बसवलं आणि तांब्याने पाणी काढून माझ्या हातावर ओतायला लागले. बारीक धार, थांबायचं, पुन्हा धार. त्या भागात पाणी चार-पाच दिवसांनी येतं. तो माठ म्हणजे खोलीतलं पुढच्या दोन दिवसांचं पिण्याचं पाणी होतं. त्यांनी तो माझ्या बोटांवर सगळा रिकामा केला. अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात आग कमी झाली, डोकं निवलं आणि मला स्पष्ट कळलं की चूक माझी आहे. हे मी मुद्दाम लिहितो. मला कळलं होतं.

मग सचिव आले. कुणीतरी त्यांना कळवलं होतं. त्यांनी मास्तरांकडे पाहिलंही नाही. मला हाताला धरून केबिनमध्ये नेलं, एसी लावला, लस्सी मागवली. "साहेब, फार वाईट झालं. आम्ही कधीपासून म्हणतोय, या वयात आगीचं काम… तुम्ही फक्त दोन ओळी लेखी द्या. नुसती नोंद."

पंचवीस वर्षं मी माणसांशी भाव करतोय. समोरचा मागण्याआधीच हो म्हणाला, लस्सी लवकर आली, की मालात काहीतरी आहे हे मला दारातून कळतं. तिथेही कळलं. पण माझा मान दुखावला होता आणि हा माणूस माझी बाजू घेत होता. मी बोललो. मास्तरांनी गरम टोक माझ्याकडे ठेवलं, सूचना दिली नाही, असं मी बोललो. टाइप करायला सचिवांनी ज्या क्लार्कला बोलावलं ती माझी बहीण होती.

ताईची बोटं कळफलकावर थांबली. "बापू, असंच झालं का?"

"टाइप कर," मी म्हणालो.

कागद निघाला तेव्हा त्यात मी न बोललेले शब्दही होते. 'निष्काळजीपणा', 'वयोमानामुळे', 'विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेस धोका'. ते सचिवांनी तोंडी घातले होते. मी कुठलाही कागद तीनदा वाचल्याशिवाय सही करत नाही. हाही तीनदा वाचला. उजवा हात बांधलेला होता, म्हणून डाव्या हाताने सही केली. ती वेडीवाकडी रेघ कुठल्याही बँकेने परत केली असती. संस्थेने ती जपून फायलीत ठेवली.

दुसऱ्या दिवशीची गाडी मी त्याच संध्याकाळी ठरवून टाकली. ताई माझ्याशी बोलत नव्हती. ताट वाढलं ते समोर ठेवून निघून गेली. दिवेलागणीला दारात मास्तरांचा आवाज आला. मी आतल्या खोलीत गेलो आणि ताईला खुणेने सांगितलं, झोपलाय म्हण. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. पण तिने ते सांगितलं. मी पंचावन्न वर्षांचा माणूस पडद्यामागे उभा राहून ऐकत होतो.

"झोपू द्या," मास्तर म्हणाले. "कोरफड आणली हाय. कापून आतलाच गर लावा, सालपट नको. आणि शेठना सांगा, उद्या सहावा दिवस शिल्लक हाय त्यांचा. एका हाताला लागलं तर नळी मी फिरवतो, त्यांनी नुसतं फुंकायचं."

"मास्तर, तुम्ही कागदाचं ऐकलंत का?" ताईचा आवाज बारीक झाला होता.

"ऐकलं की."

मग चपला वाजल्या.

मी सकाळी पुण्याला निघून आलो. आठ दिवसांत ताईचा फोन आला, तोही दोन वाक्यांचा. काचखोलीला कुलूप लागलं. मास्तरांना समितीपुढे बोलावलं होतं, तिथे ते एवढंच म्हणाले की पाहुणा माझ्या खोलीत भाजला, म्हणजे चूक माझी. मी म्हणालो, "मी बोलतो सचिवांशी." ती म्हणाली, "बोल." मी बोललो नाही. आधी पावसाळी माल होता, मग गणपती, मग दसऱ्याची गिऱ्हाइकं. माणसाला टाळायचं असलं की दुकान फार कामाला येतं. बोटांवरची कातडी नवी आली. ती पहिल्यापेक्षा गुळगुळीत आहे, त्यामुळे नोटा सटकतात.

दिवाळीनंतर मी गेलो. खिशात तक्रार मागे घेतल्याचं पत्र होतं. कॉलेजच्या मागे गेलो तर काचखोलीचं दार उघडं, आत एक सुतार फर्निचर बसवत होता. विश्वस्तांसाठी बैठकीची खोली होणार होती. माझी नजर आपोआप प्लायवूडवर गेली. कपाटं भिंतीच्या कोनाड्यांत चपखल बसली होती. असं काम तयार मिळत नाही, माप देऊन कापून घ्यावं लागतं. मी सहज विचारलं, "माप कधी घेतलंस रे?"

"लई दिस झाले साहेब. परीक्षा चालू होत्या तवा. एप्रिल असंल. मास्तर डबा घिऊन बाहेर जेवायला गेलं की माप घ्यायचं, असं सांगितलं होतं मला."

मी तिथेच एका तक्त्यावर बसलो. मी भाजलो मे महिन्यात.

तिथून मी सचिवांच्या केबिनमध्ये गेलो. माझं पत्र त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. "आता काय उपयोग साहेब? विषय संपला. आणि सही तर तुमचीच होती ना?" मी एप्रिलच्या मापाचं विचारलं. ते हसले. "संस्थेची कामं अशी कुठल्या एका कारणाने होत नसतात." लस्सी आली नाही.

मास्तर घरी होते. पूर्व भागातली दोन खोल्यांची जागा, शेजारी माग खटखटत होते. बर्नर गोणपाटात बांधून कोपऱ्यात ठेवला होता. मुलीकडे कायमचं जायचं ठरलं होतं, चार दिवसांनी. मला पाहून ते उठले, "बसा की ओ," म्हणाले, पाणी दिलं. मी पाणी तसंच ठेवलं आणि एका दमात सांगून टाकलं. नळीचं गार टोक माझ्याकडे होतं, मी ते ओलांडून गोळा उचलला, मी खोटं बोललो.

"माहीत हाय की. ठेवली तर मीच होती."

"मग 'माझं चुकलं' का म्हणालात?"

"तुमचा हात जळत होता. तवा काय हिशोब करत बसायचं?"

मला वाटलं सुटलो. म्हणून मी पुढचं बोलायला लागलो. सोलापुरातच एक गाळा घेऊन देतो, भाडं माझं. नको? मग गाळा विकतच घेतो, तुमच्या नावावर. सिलिंडर, काच, सगळं माझ्याकडून. वर्ग घ्या, मुलं मी आणतो. नको तर पुण्याला चला, माझ्या गोदामात जागा काढतो. मी चढत चाललो होतो. मास्तर ऐकत होते.

"शेठ," ते शेवटी म्हणाले, "तुमी भाव वाढवताय. मी काय विकायलाच बसलो न्हाय."

मी तसंच ठेवलेलं पाणी उचललं.

"भाजल्यावर माणूस काय पण बोलतो, ते मी धरत न्हाय. माझा बा पण शिव्या द्यायचा हात कापला की. पण अर्धा तास मी तुमच्या हातावर पाणी ओतलं. हात गार झाला, मी बघितला. त्याच्यानंतर तुमी सही केली." एवढं एका वेळी बोलायची त्यांना सवय नव्हती. "त्याचं काय ते मला कळलं न्हाय. तुमाला कळलं असलं तर सांगा."

मला आजही सांगता येत नाही. ते मला गल्लीच्या टोकापर्यंत सोडायला आले, रिक्षा थांबवून दिली, आणि वळून गेले.

मास्तर आता मुलीकडे असतात. सातव्या मजल्यावर. ताई फोन करते त्यांना. माझ्याशीही ती आता बोलते, पण ऑफिसातलं काही सांगत नाही. मी विचारतही नाही.

आता सचिवसाहेब, तुमच्याशी. माझा तो कागद खोटा होता हे मी तुम्हाला रजिस्टर पोस्टाने, उजव्या हाताच्या सहीने कळवलं. पोच आली, उत्तर आलं नाही. खोटं मी बोललो, त्याची लाज माझी. ती मी तुमच्याशी वाटून घेत नाही. पण माप तुम्ही आधी घेतलं होतं. तुम्हाला फक्त एक भाजलेला माणूस हवा होता आणि मी चालत तुमच्या दारात आलो. माझ्या बहिणीला तिच्याच भावाचं खोटं टाइप करायला तुम्ही बसवलंत. मास्तर जेवायला जायची वाट बघून त्यांच्या खोलीत माणूस पाठवलात. मी भाजलो नसतो तर कुठलं कारण दिलं असतंत? मास्तरांना समोर बसवून 'आम्हाला ही खोली हवी आहे' एवढं एक सरळ वाक्य का बोलला नाहीत? कदाचित ते डबा घेऊन निमूट उठले असते. पण त्यांची चूक झाली म्हणून त्यांना घालवलं, असं तरी त्यांच्या नावापुढे राहिलं नसतं.

माझं खरं मी वर लिहिलं आहे, जसं आहे तसं. तुमचं द्या. संस्थेच्या कागदावर, तारीख घालून, सही करून. मला पाठवू नका, मला त्याचा उपयोग नाही. मास्तरांचा तेलंगणातला पत्ता ताईकडे आहे. त्यांना मराठी चांगलं वाचता येतं.